बाही सोडायची नाही : पुण्यात डोजो (ज्युदो-कराटेच्या सरावाची जागा) चालवणाऱ्यांसाठी

ज्युदोत उजव्या हाताचा खेळाडू समोरच्याची कॉलर उजव्या हातात आणि बाही डाव्या हातात धरतो. फेक बसल्यावर कॉलरचा हात सुटला तरी एक वेळ चालतं, बाहीचा हात सुटता कामा नये. समोरचा मॅटला टेकतो त्याच क्षणी ती बाही वर, आपल्या कमरेकडे ओढून धरायची. मग तो पाठीच्या एका अंगावर उतरतो, डोकं मॅटपासून वर राहतं आणि मोकळा डावा हात त्याला मॅटवर आपटायला मिळतो. बाही सोडली की तोच माणूस खांद्यावर नाहीतर डोक्यावर येतो.

जपानी युद्धकलांमधली नीती कुठे असते असं कुणी विचारलं, तर त्या बाहीकडे बोट दाखवावं. शिस्त, आदर, संयम हे शब्द पुण्यातल्या बहुतेक क्लासच्या फलकावर असतात. पण फलक वाचून मुलांच्या अंगी ते येत नाहीत, आणि क्लासच्या शेवटी दिलेल्या पाच मिनिटांच्या भाषणानंही येत नाहीत. रोज त्याच त्या बारीक गोष्टी नीट करून घेतल्या तर येतात. त्या कोणत्या, कशा करून घ्यायच्या आणि कुठे बिघडतात ते खाली दिलं आहे. सोसायटीचा हॉल, शाळेचं सभागृह किंवा भाड्याच्या जागेत १५-२० जणांचा ज्युदो किंवा कराटेचा वर्ग घेणारे सर-मॅडम डोळ्यांसमोर ठेवले आहेत. आपलं मूल कुठल्या वर्गात घालावं या विचारात असलेल्या पालकांनाही यातून काय पाहायचं ते कळेल.

मूळ कल्पना

ज्युदो सुरू करणारे कानो जिगोरो पेशानं शिक्षक होते. १८८२ साली त्यांनी तोक्योतल्या एइशोजी या बौद्ध मंदिरात १२ तातामींच्या (गवती चटयांच्या) जागेत कोदोकान हे आपलं डोजो सुरू केलं, तेव्हा विद्यार्थी होते ९. जुजुत्सु या जुन्या युद्धकलेच्या नावातला ‘जुत्सु’ म्हणजे तंत्र. त्याच्या जागी त्यांनी ‘दो’ म्हणजे वाट हा शब्द ठेवला. १९२२ मध्ये त्यांनी आपलं म्हणणं दोन सूत्रांत बांधलं. ‘सेइर्योकु झेन्यो’ म्हणजे आपल्या शक्तीचा उत्तमात उत्तम वापर, आणि ‘जिता क्योएइ’ म्हणजे आपली आणि दुसऱ्याची भरभराट मिळून. दुसरं सूत्र ऐकायला मोठं वाटतं, पण मॅटवर त्याचा अर्थ अगदी रोकडा आहे. फेक शिकायला माणूस लागतो. कुणीतरी आपलं अंग देतो म्हणून तुम्ही शिकता. तो जायबंदी झाला तर उद्या तुमचाही सराव बंद.

त्याच १९२२ साली ओकिनावाहून तोक्योला येऊन कराटे दाखवणारे फुनाकोशी गिचिन हेही शाळामास्तरच. कराटेची सुरुवातही ‘रेई’नं म्हणजे नमस्कारानं आणि शेवटही ‘रेई’नं, आणि कराटेत पहिला वार नसतो, ही त्यांच्या वीस सूत्रांतली दोन. पुढे १९८७ मध्ये जपानमधल्या नऊ बुदो (युद्धकला) प्रकारांच्या संघटनांनी मिळून बुदोची सनद काढली. तिच्यात उद्दिष्ट, सराव, स्पर्धा, डोजो, शिकवणं आणि प्रसार अशी सहा कलमं आहेत. डोजोला त्या सहांत स्वतःचं वेगळं कलम आहे, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

झाडू आधी

९० मिनिटांच्या वर्गातली पहिली १० मिनिटं झाडण्या-पुसण्याची. हे काम सगळ्यांचं आहे. ब्राउन बेल्टवालाही फडकं घेणार आणि सरही घेणार. सोसायटीचा झाडूवाला सकाळी झाडून गेला असला तरी हे चुकवायचं नाही.

पुण्यात हे नवं म्हणून शिकवायची खरं तर गरज नाही. पेठांतल्या तालमीत पठ्ठे आधी फावड्यानं आखाडा उकरतात, लाल मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मऊ ठेवतात, आणि मगच लांग लावून उतरतात. आपण ज्या मातीत पडणार ती आपणच मऊ करायची, एवढाच हिशेब. पालक ‘आमचा मुलगा इथे फरशी पुसायला येतो का?’ असं विचारतात तेव्हा हे तालमीचं उदाहरण लगेच पटतं.

पुसण्याची पद्धत ठरवून द्या. फडकं घट्ट पिळायचं, कारण मॅटच्या सांध्यांत पाणी उतरलं तर खाली बुरशी धरते. सगळ्यांनी एका भिंतीपाशी रांगेत उभं राहायचं आणि एका दिशेनं समोरच्या भिंतीपर्यंत जायचं. दोघांच्या पट्ट्यांमध्ये कोरडी जागा राहिली तर ती कुणाची यावर वाद नको. दोघांनीही ती पुसायची. आठवड्यातून एकदा निर्जंतुक करायचं: ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट १ लिटर पाण्यात १० मिली, मॅट १० मिनिटं ओलं ठेवायचं, मग साध्या पाण्याच्या फडक्यानं पुसून पंख्याखाली वाळवायचं. हे काम मोठ्यांनी, खिडक्या उघड्या ठेवून करावं. संडास धुण्याचं ॲसिड त्यात चुकूनही मिसळू नका, विषारी क्लोरिन वायू सुटतो.

जून ते सप्टेंबर पुण्यात गी म्हणजे सरावाचा पोशाख दोन दिवस वाळत नाही, आणि ओल्या गीतून गजकर्ण वर्गभर पसरतं. प्रत्येकाकडे दोन गी असाव्यात. ज्याला परवडत नाही त्याच्यासाठी लहान झालेल्या गी जमवून एक पेटी ठेवा. मुलं वर्षात एक माप सहज वाढतात, त्यामुळे ती पेटी कधी रिकामी राहत नाही. तिथून गी घेणाऱ्याचं नाव वहीत लिहू नका. कुणाच्या अंगावर चट्टा दिसला तर त्याला रांगेतून बाहेर काढून सगळ्यांदेखत सांगायचं नाही. वर्ग संपल्यावर त्याला आणि आई-वडिलांना बाजूला घ्या, डॉक्टरांकडे पाठवा, आणि बरं होईपर्यंत त्यानं मॅटबाहेर बसून सराव पाहावा. पाहून शिकण्याला जपानीत ‘मितोरी-गेइको’ म्हणतात. ती शिक्षा नव्हे, सरावाचाच एक प्रकार आहे.

नमस्कार आणि भिंत

उभ्यानं रेई करताना पाठ सरळ ठेवून कमरेतून साधारण ३० अंश वाकायचं, तळवे मांड्यांवरून गुडघ्यांकडे सरकू द्यायचे, एक श्वास थांबायचं आणि वर यायचं. बसताना डावा गुडघा आधी, उठताना उजवा पाय आधी. मुलं हमखास तीन चुका करतात: चालता चालता वाकतात, मान तेवढी खाली घालतात, नाहीतर समोरचा अजून वाकलेला असताना वर येतात. तिसरी चूक सगळ्यात महत्त्वाची. ‘तो वर येईपर्यंत थांब’ एवढंच सांगा. समोरच्याकडे लक्ष द्यायची सवय तिथे लागते.

सराव सुरू करताना म्हणायच्या ‘ओनेगाइशिमासु’चा मतितार्थ ‘मला मदत करा, ही विनंती’ आणि शेवटच्या ‘आरिगातो गोझाइमाशिता’चा ‘आभारी आहे’. अर्थ मराठीत समजावल्याशिवाय हे शब्द पाठ करून घेऊ नका. नाहीतर मुलं ते कवायतीच्या आरोळीसारखे ठोकतात.

समोरच्या भिंतीवर काय लावायचं हे आधीच नीट ठरवा. कानो किंवा फुनाकोशींचा फोटो लावून त्याला हार घातला, उदबत्ती लावली, की आपल्याकडे त्याचा देव होतो. मग एखाद्या मुसलमान, ख्रिस्ती किंवा कट्टर नास्तिक घरातल्या मुलाची पंचाईत होते, आणि ते मूल काही न बोलता यायचं थांबतं. भिंत मोकळी ठेवली तरी चालते. हा जागेला आणि आपल्या आधी शिकून गेलेल्यांना केलेला नमस्कार आहे, हे प्रवेशाच्या दिवशीच पालकांना सांगा. ज्याला भिंतीला वाकायचं नाही त्यानं शांत, ताठ बसावं. जोडीदाराला केलेला नमस्कार मात्र कुणालाच चुकत नाही.

कराटेच्या शोतोकान परंपरेत वर्गाच्या शेवटी डोजो-कुन म्हणतात. त्यात पाच ओळी आहेत आणि प्रत्येक ओळ ‘हितोत्सु’ म्हणजे ‘एक’ अशीच सुरू होते. पाचवीलाही पाच म्हणत नाहीत, कारण पाचांत पहिली-शेवटची असं काही नाही. मराठीत त्या अशा म्हणता येतील: स्वभाव घडवण्यासाठी झटावं, खरेपणाची वाट सोडू नये, कष्टाची वृत्ती जोपासावी, रीतभात मानावी, रगेला आवर घालावा. शेवटच्या ओळीचं ‘हिंसा करू नये’ असं भाषांतर सगळीकडे दिसतं, पण मूळ शब्द आहे ‘केक्की नो यू’, म्हणजे रक्त सळसळल्यामुळे येणारं धाडस. मराठीत त्याला रग हाच शब्द बसतो. चौदा वर्षांच्या मुलाला ‘हिंसा’ म्हटलं की टीव्हीतलं काहीतरी आठवतं. ‘रग’ म्हटलं की काय म्हणायचंय ते लगेच कळतं.

जोड्या

‘जोड्या करा’ असं म्हणून सोडून दिलं की वर्ग दोन मिनिटांत फुटतो. मित्र मित्राला धरतो, तगडा तगड्याला. जाड मुलगा, नवीन आलेली मुलगी आणि तोतरं बोलणारा पोरगा मॅटच्या कडेला उभे राहतात. महिनाभरात तेच तिघं गळतात आणि ‘त्यांना आवड नव्हती’ असं आपण म्हणतो. म्हणून निवड करण्याची वेळच येऊ देऊ नका.

समजा २० जण आहेत. दहा-दहाच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या करा. एका टोकाचा एकच जण जागेवर कायम. बाकीचे १९ जण दर फेरीला घड्याळाच्या दिशेनं एक घर सरकतात, रांगेच्या टोकाला पोहोचलेला समोरच्या रांगेत जातो. अशा १९ फेऱ्यांत प्रत्येकाची प्रत्येकाशी एकदा गाठ पडते. नुसती एकच रांग सरकवली तर आपल्याच रांगेतल्या नऊ जणांशी कधीच जोडी होत नाही. ही चूक बऱ्याच ठिकाणी दिसते. दोन मिनिटांची एक फेरी धरली तर सगळ्याला ३८ मिनिटं लागतात, म्हणून आठवड्याच्या तीन वर्गांत वाटून घ्या आणि कुठपर्यंत आलो ते फळ्यावर लिहा. संख्या विषम असेल तर एका जागी सर उभे राहतात.

३० किलोची मुलगी आणि ७० किलोचा तरुण समोर आले तर? फेक नाही, पकड, तोल मोडणं आणि पावलं एवढंच. मोठ्यानं ताकद न वापरता तिला तोल सापडू द्यायचा. हे त्याच्यासाठी अवघड असतं, आणि ‘शक्तीचा उत्तम वापर’ तो तिथेच शिकतो. मुलींना मुलांबरोबर झुंजीचा सराव नको असेल तर तेही आधी, एकेकटीला विचारून ठरवा. कपडे बदलायला कडी लागणारी वेगळी खोली, वर्गात कायम किमान दोन मोठी माणसं, आणि कुठल्याही मुलाबरोबर एकटं न थांबणं, यात तडजोड नाही.

पडणं

पहिले दोन-तीन महिने उकेमी म्हणजे पडण्याचा सराव, दर वर्गात १० मिनिटं. मागे पडताना हनुवटी छातीला, नजर स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीवर. हात अंगापासून ३० ते ४५ अंशांवर, कोपरापासून तळव्यापर्यंत सगळा एकदम मॅटवर आपटायचा, श्वास बाहेर. आधी बसून, मग उकिडवं, मग उभ्यानं. हात मागे टेकून पडायची जी उपजत सवय असते ती मनगट, कोपर किंवा गळ्याचं हाड मोडते. ती जाईपर्यंत पुढे जायचं नाही, मग वडील कितीही विचारोत, ‘फाइट कधी शिकवणार?’

ओसोतोगारी म्हणजे मागून पाय काढून पाठीवर पाडणं. दिसायला सोपी म्हणून बरेच जण ती पहिल्याच आठवड्यात शिकवतात. पण तिच्यात माणूस सरळ मागे जातो आणि डोकं मागून झटक्यानं आपटतं. जपानमधल्या शाळांत ज्युदोत झालेल्या डोक्याच्या गंभीर इजांत हीच फेक सगळ्यात जास्त वेळा आढळली आहे. नवीन मुलांना ती देऊ नका. सुरुवात गुडघ्यावर बसलेल्या जोडीदारापासून करा आणि बाहीचा हात आधी शिकवा: २० वेळा फेक, आणि दर वेळी पडलेल्याची बाही वर धरून तीन अंक मोजायचे. ज्याची बाही तिसऱ्या अंकाआधी सुटेल त्याची फेक मोजायची नाही. ‘किती जोरात पाडलं’ हे मुलं मोजतात. तुम्ही ‘कसं उतरवलं’ हे मोजा. दोन आठवड्यांत मुलंही तेच मोजायला लागतात.

कराटेत हीच जागा अंतर राखण्याची आहे. ठोसा पूर्ण वेगानं जायला हवा आणि अंगाला लागण्याआधी थांबायला हवा. हळू मारणं म्हणजे ताबा नव्हे.

जागेचा हिशेब: फेकीसाठी किमान ४० मिलिमीटर जाडीचे मॅट. ८ मीटर बाय ८ मीटरवर एकावेळी पाचच जोड्यांनी फेकायचं, बाकी पाच जोड्यांनी कडेला बसून पाहायचं. गुळगुळीत टाइल्सवर मॅट सरकतात, सांधे उघडतात आणि पायाचं बोट अडकून मोडतं. भोवतीनं लाकडी चौकट बसवा, आणि दर फेरीनंतर सांधे पायानं दाबून बंद करायचं काम एकाला नेमून द्या.

हार मानण्याची खूण म्हणजे दोन थापा, मॅटवर किंवा जोडीदाराच्या अंगावर, किंवा तोंडानं ‘माइत्ता’. खूण मिळताच हात सोडायचा. नुसतं ‘आई गं’ ऐकलं तरी सोडायचं. ‘थाप पडली नव्हती’ हे कारण एकदाही ऐकून घेऊ नका. लहान मुलांना गळा आवळणं आणि कोपर मुडपणं शिकवूच नये. डोक्याला मार बसला तर त्या दिवशी पुन्हा मॅटवर नाही, पालकांना त्याच संध्याकाळी फोन. उलटी, गुंगी, वाढती डोकेदुखी किंवा असंबद्ध बोलणं दिसलं तर थेट रुग्णालय. गाडी नसेल तर १०८.

दादा, ताई आणि पट्टे

सेनपाई (आपल्या आधीपासून शिकणारा) या शब्दाला आपल्याकडे दादा आणि ताई आहेत, तेच वापरा. प्रत्येक दादा-ताईकडे दोन नवीन मुलं सोपवा: पट्टा बांधून दाखवणं, गीची डावी बाजू उजवीच्या वर आली आहे ना ते पाहणं (उलटी घडी जपानमध्ये मृताला घालतात), दोन वर्ग चुकले तर घरी फोन करणं. हक्क आधी आणि काम नंतर असं झालं की दादाचा दादागिरी करणारा होतो. खुद्द जपानही यातून सुटलेलं नाही. तिथल्या राष्ट्रीय महिला ज्युदो संघातल्या १५ खेळाडूंनी मारहाणीची तक्रार केली आणि २०१३ मध्ये मुख्य प्रशिक्षकांना पद सोडावं लागलं. म्हणून नियम लिहून भिंतीवर लावा: कुणीही कुणाला शिक्षा म्हणून मारणार नाही, उठाबशा काढायला लावणार नाही, स्वतःची बॅग उचलायला सांगणार नाही. तक्रार सरांबद्दलच असेल तर कुणाकडे जायचं, त्या माणसाचा फोन नंबरही तिथेच.

पट्ट्यांबद्दल पालकांशी पहिल्याच दिवशी बोला. शोदान म्हणजे पहिला ब्लॅक बेल्ट, पण त्यातल्या ‘शो’चा अर्थ ‘सुरुवात’ असा आहे. दोन वर्षांत ब्लॅक बेल्ट असं कुणी लिहून देत असेल तर तिथे पट्टे विकले जातात असं समजा. परीक्षेची फी प्रवेशाच्या कागदावरच छापा, म्हणजे नंतर कुणाला पैशांसाठी मागे राहावं लागणार नाही. परीक्षेच्या गुणांत एक भाग ‘उके’चा, म्हणजे दुसऱ्यासाठी नीट पडण्याचा ठेवा. जो फक्त स्वतः चमकतो आणि ज्याच्याबरोबर सराव करायला कुणी तयार नसतं, तो त्यात आपोआप अडतो.

गणपती, दहावी आणि परत येणारी मुलं

गणपतीच्या आधी दीड-दोन महिने मोठी मुलं ढोल-ताशा पथकाच्या सरावाला जातात. त्याच्याशी भांडू नका. तिथेही ती वेळेवर पोहोचायला आणि शेकडो जणांत एका ठेक्यावर वाजवायला शिकतात. त्या काळात त्यांच्यासाठी रविवार सकाळचा एक वर्ग ठेवा आणि विसर्जनानंतर पहिल्या वर्गाची तारीख आधीच सांगून टाका. दहावीच्या वर्षाचंही तसंच. ‘एकतर नियमित ये, नाहीतर सोड’ म्हटलं की मूल सोडतं, आणि परत यायला लाजतं. आठवड्यातून एकदा, ४५ मिनिटं, झाडणं, उकेमी आणि काता (ठरलेल्या हालचालींचा क्रम) एवढ्यावर नाव चालू ठेवा.

वर्षभरानं परत आलेल्या मुलाला जुना पट्टा बांधू द्या, पण पहिले दोन आठवडे त्याला फेक देऊ नका आणि घेऊही देऊ नका. तो मधल्या काळात सात-आठ सेंटिमीटर वाढलेला असतो, वजन वाढलेलं असतं, आणि पडण्याचा जुना अंदाज चुकतो. त्यानं लहानांच्या रांगेत बसून उकेमी पुन्हा पहिल्यापासून करावी. त्याला रांगेत शेजारी कोण मिळणार, हे मात्र तुम्ही आधीच ठरवून ठेवा.